मावशीला पगारी ठरवणारा भाग

श्रावणातल्या एका दुपारी मी एक व्हिडिओ गेम संपवला, रिमोट गादीवर टाकला आणि न्हाणीत जाऊन साबणाने तोंड धुतलं. मग हात धुतले. उजवा अंगठा तर घासून घासून धुतला. आमचे हे चिकपेट बाजारातल्या कापडाच्या दुकानातून नुकतेच जेवायला आले होते. म्हणाले, "काय गं, अंगावर काही सांडलं का?"

"सांडलंच म्हणा," मी म्हटलं आणि पानं घेतली. खोदून विचारायची त्यांना सवय नाही, आणि तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. जेवायच्या वेळी शिव्या द्यायच्या नाहीत, एवढं वळण आहे आम्हाला.

माझ्या वयाची बाई गेम खेळते म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, पत्त्यांचा का? पत्त्यांचा नाही हो. उंच इमारतींवरून उड्या मारायचा आणि गुंडांना बुकलून काढायचा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुष्कळ दिवस पाय लांब करून बसायचं होतं. टीव्हीवरच्या मालिका मला बघवत नाहीत. त्यातल्या बायका भरजरी साड्या नेसून फोडणी टाकतात. जिचा जन्म कापडाच्या दुकानात गेला ती टीव्हीलाच ओरडते, अगं त्या जरीवर तेल उडेल! तर माझी चिडचिड बघून पुतण्याने आपला गेमचा डबा माझ्या खोलीत आणून जोडला आणि रिमोट हातात दिला. "स्वल्प बोटं हलव काकू. गुडघा झोपलाय म्हणून सगळ्यांनीच झोपायचं का?"

मी कानडी शाळेत सातवीपर्यंत गेलेली. मराठी वाचायला-लिहायला घरातल्या जुन्या मासिकांवरून शिकले, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरून. तसाच हा गेमही शिकले. पहिले काही दिवस आमचा नायक भिंतीला डोकं आपटत उभा राहायचा आणि मी त्यालाच म्हणायची, अरे वळ ना! पुतण्या दाराशी उभा राहून हसायचा. पण एकदा हात बसला आणि मग मी काही ऐकलं नाही. गुडघा बरा झाला, चालायला लागले, बसवनगुडीच्या देवळापर्यंत जाऊन यायला लागले, तरी दुपारी तासभर माझा आणि त्या पोराचा.

त्या पोराबद्दल सांगायला हवं. अचाट शक्तीचे नायक पुष्कळ असतात, पण याला ना आग ओकता येते, ना विजा पाडता येतात. याला एवढंच येतं की पडणारी वस्तू हा हात वर करून हवेत थांबवतो. तुटलेली लिफ्ट, कोसळणारा पूल, गच्चीवरून निसटलेलं मूल. थांबवताना त्याचे हात थरथरतात आणि तेव्हा माझ्या हातातला रिमोटही थरथरतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून ओरडले होते.

आणि त्याची मावशी. नात्याची नाही, गेममध्ये तिला काहीतरी इंग्रजी म्हणतात, मावशी हे मी ठेवलेलं. ती कपडे धुवायचं दुकान चालवते. तान्हं असताना याला कुणीतरी तिच्या दारात मळक्या कपड्यांच्या टोपलीत ठेवून गेलेलं. तिने वाढवलं. हा शहर वाचवून मागच्या दाराने घरी येतो आणि ती त्याचा फाटलेला निळा डगला शिवत त्याला रागावते. एका ठिकाणी ती शिवत असताना चित्र अगदी जवळ जातं, आणि मला दिसलं की तिने काखेत जादा कापड सोडलंय. पोराला हात वर करावे लागतात, काखेतच उसवणार! ज्याने तो गेम केला त्याला हे ठाऊक होतं. मी टीव्हीला हात जोडले. दुसऱ्या भागात तर डगल्याच्या कापडासाठी ती आपल्या कानातलं विकते आणि त्याला सांगते, हरवलं. असे तीन भाग. तिन्ही मी खेळले, पहिला तर परत परत.

मग पुतण्या एक दिवस म्हणाला, "काकू, नवा भाग येतोय. पण पुढची गोष्ट नाही, आधीची. तो लहान असतानाची."

मी किती खूश झाले होते! मला काय काय बघायचं होतं सांगू? टोपली उघडल्यावर तिचा चेहरा. पोराला पहिला ताप आला तेव्हा तिने दुकान बंद ठेवलं का. शाळेत "वडिलांचं नाव" विचारल्यावर काय सांगितलं. हे मला बघायचं होतं कारण मला ते माहीत आहे.

हा पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर आणि जाऊ एकाच अपघातात गेले, तेव्हा तो बालवाडीत होता. तेव्हापासून आमच्याकडे. आता पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात यंत्रांचे भाग आखायचं काम करतो, त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे, तो विषय वेगळा आणि लांबचा. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे लोकांना बोलायची दोन्हीकडून सोय झाली. काही म्हणाले, बाईची हौस भागली. आणि काही दुसरं म्हणाले. चिकपेटचं दुकान दोघा भावांचं होतं. अर्धं त्या पोराच्या बापाचं. "पोर ठेवून घेतलं म्हणजे दुकानही राहिलं," असं आमच्याच नात्यातली एक बाई लग्नाच्या पंगतीत बोलली होती, मी ताक वाढत होते तिथेच पलीकडे. मी तिच्या द्रोणातही ताक वाढलं आणि पुढे गेले. करणार काय? पोर तेव्हा त्याच पंगतीत पापड मोडत बसलं होतं. त्याने ऐकलं की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं कसं?

नवा भाग आला. आधी पुतण्या खेळला, सुट्टीच्या दिवशी, आपल्या खोलीत. मग मला म्हणाला, "नको खेळू काकू. कंटाळवाणा आहे. पैसे फुकट."

"तुला कंटाळवाणा, मला नसेल."

"नको ना पण."

मला वाटलं, डोळ्यांना त्रास होईल म्हणून म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर मी लावला.

अय्यो. कुठून सुरुवात करू? आधी शहर. जुन्या भागांतलं शहर कसं होतं, भाजीवाले ओरडायचे, एक म्हातारा खिडकीत बसून सतत खोकायचा, मी त्याला ओळखायची. या भागात रस्ते गुळगुळीत आणि रिकामे, आणि जी चार माणसं चालतात त्यांची तोंडं सारखीच. एकाच साच्यातून काढल्यासारखी. एका चौकात तीच बाई मला तीनदा समोरून आली. मावशीचं दुकान शोधत गेले, तर दुकान आहे पण दार नाही! म्हणजे भिंतीवर दाराचं चित्र. मी त्या पोराला दारावर आपटून आपटून दमवलं. आत जायची सोयच केलेली नाही. ज्या घरात ही सगळी गोष्ट वाढली ते घर यांनी बंद करून ठेवलं, आणि करायला काय दिलं, तर गच्च्यांवर पडलेली चमचमती चाकं गोळा करा. का? तर गोळा करा. कचरा वेचल्यासारखी मी ती वेचत बसले. पोराचा आवाज वेगळ्याच कुणाचा, नाकातून बोलणारा. आणि निळा डगला? वेगवेगळ्या रंगांत विकायला ठेवलेला, वरचे पैसे द्या आणि जांभळा घ्या, सोनेरी घ्या. मी ते जांभळं कापड नीट बघितलं. शिवणच नाही. कुठेच शिवण नाही! रबराच्या फुग्यासारखं अंगावर ओतलेलं. मावशीची सुई यांच्या गावीच नव्हती.

हे सगळं मी गिळलं. म्हटलं, शेवटी तरी मावशी येईल.

आली. शेवटी येते. एक मोठी कंपनी असते, जुन्या भागांतली दुष्ट कंपनी तीच, आणि तिचा साहेब सांगतो की हे पोर आमचंच, आमच्या प्रयोगशाळेतलं, आणि टोपली आम्हीच ठेवली होती. आणि ही बाई आमच्या पगारावर आहे. पोर सांभाळायचा पगार! ती समोर उभी असते, मान खाली घालते, नाही म्हणत नाही. मला वाटलं हा साहेब खोटं बोलतोय, आता उलगडा होईल. आणि मग तो लहानगा पळत येऊन दारात थांबतो, त्याला यातलं काही माहीत नाही, आणि पडद्यावर अक्षरं येतात: मिठी मारण्यासाठी बटण दाबा.

मी दाबलं. माझ्याच अंगठ्याने. ते पोर तिच्या गळ्यात पडलं, आणि तिने त्याच्या खांद्यावरून त्या साहेबाकडे बघितलं आणि हसली. संपला गेम. नावं सुरू झाली.

शी! शेणात हात घातला तरी शेण धुतलं की जातं. मी तोंड धुतलं, जेवायला वाढलं, संध्याकाळी दिवा लावला, तरी तो अंगठा मला माझा वाटेना. ज्यांनी हे लिहिलं त्यांना एवढंच सुचलं? परक्याचं पोर कुणी वाढवलं तर पैसे मिळत असणारच, दुसरं काही कारण असूच शकत नाही? मग दुसऱ्या भागात तिने कानातलं का विकलं? पगार होता ना तिला! आधीचं आपणच लिहिलेलं वाचायची तसदीही नाही. बसल्या जागी एका बाईच्या सगळ्या जन्मावर थुंकले, आणि थुंकताना बटण माझ्याकडून दाबून घेतलं.

पण खरी किळस मला दोन दिवसांनी आली, भात वेळताना. पुतण्या हे आधी खेळला होता. आणि मला म्हणाला होता, नको खेळू. का म्हणाला? त्या बाईचा तो हसरा चेहरा बघताना त्याच्या मनात काय आलं असेल? पंगत आली असेल का? मी पातेलं खाली ठेवून बसून राहिले. इतकी वर्षं जे विचारलं नाही ते आता त्या घाणेरड्या गेमने माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. तो विचारायचा, "काकू, गेम बंद का तुझा?" मी म्हणायची, डोळे दुखतात.

असा भाद्रपद गेला आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात, कानडी घरांसारख्या, पायऱ्या करून, पांढरं कापड घालून. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच, आमचं काय कानडी आणि काय मराठी हे आता आम्हालाही सांगता येत नाही. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, माझ्या लग्नात माहेरून आलेले. मग देव, मग लग्नाची वरात, वाणी आणि त्याची बायको, गाई-कोंबड्या. आणि घरची रीत अशी की एकदा पायरीवर बसलेली बाहुली पुढच्या वर्षी वगळायची नाही. हात तुटला तर चिकटवायचा, पण बसवायची. तिसरा भाग संपवल्यावर मी दुकानातल्या कापडाच्या तुकड्यांतून दोन बाहुल्या शिवल्या होत्या, निळ्या डगल्याचा पोरगा आणि मावशी. गेल्या दसऱ्याला दोघं वाण्याच्या शेजारी बसले होते. आळीतली पोरं फक्त ते बघायला आली होती.

पुतण्या शिडीवर, मी खालून एकेक बाहुली पुसून देत होते. पोरगा दिला. मग गाय दिली.

"मावशी कुठाय?" त्याने वरून विचारलं.

"राहू दे पेटीत."

"पेटीत? आपल्याकडे वगळत नाहीत ना? त्या कोंबडीला चोच नाही तरी तू तिला दरवर्षी बसवतेस."

"कोंबडीला कुणी पगारी म्हटलं नाही. पोरं येतील, बोटं दाखवतील. माझ्या घरात तिचा अपमान नको."

तो एक पायरी खाली उतरला. "तू शेवटपर्यंत खेळलीस?"

"खेळले."

"मी नको म्हटलं होतं."

"का म्हटलं होतंस? ते सांग आधी. कंटाळवाणा आहे म्हणालास. आहेच कंटाळवाणा. पण तू त्यासाठी नव्हतास म्हणाला."

तो शिडीवरच बसला. हातात गाय. "तू मनाला लावून घेशील म्हणून."

"मी का लावून घेईन?"

"काकू," तो म्हणाला, "मी लहान होतो. बहिरा नव्हतो."

म्हणजे ऐकलं होतं. माझ्या हातातलं फडकं मी नुसतंच दुमडत राहिले. मग म्हटलं, "मग? तुला वाटलं तसं? कधी?"

"वाटलं एकदा. कॉलेजात असताना. सरळ दुकानात गेलो आणि काकांना विचारलं."

हे मला आमच्या यांनी आजतागायत सांगितलेलं नाही! "काय म्हणाले ते?"

"काही नाही. लग्नसराई होती, ही गर्दी. म्हणाले, जरा गल्ल्यावर बस. किल्ल्या तिथेच ठेवल्या आणि कॉफी प्यायला गेले ते दुकान बंद करायच्या वेळेलाच आले. एका बाईने मला साडी दाखवा म्हटलं, मी घडी उलटीकडून उलगडली, पदर गेला आत. दुकानभर हसले सगळे."

"आणि मग?"

"मग काय, घरी आलो. तू म्हणालीस, कुठे उंडारत होतास, भात निवला. आणि परत गरम करून दिलास, शिव्या देत." त्याने गाय पायरीवर ठेवली, तीही तोंड भिंतीकडे करून. "तेव्हापासून नाही वाटलं. पण तो गेम खेळताना मला वाटलं, काकूने हे बघितलं तर तिला वाटेल की मला अजून वाटतं."

"तेच वाटलं."

"बघ. म्हणून नको म्हटलं होतं."

मी त्याला म्हटलं, आधी गाय सरळ कर. त्याने केली. मग म्हणाला, "मी ते बटण दाबलं नाही, काकू."

"कुठलं?"

"मिठीचं. अक्षरं आली आणि मी टीव्ही बंद केला. माझ्या गेममध्ये तो मुलगा अजून दारातच उभा आहे."

"मी दाबलं," मी म्हटलं. "मला वाटलं, पोर जवळ आलं की ती काहीतरी बोलेल. खरं काय ते सांगेल."

"तू दाबणारच. सांगते का काही?"

"सांगते कसली! हसते. त्याच्या खांद्यावरून, त्या साहेबाकडे बघून."

"शी!" तो म्हणाला. आणि असं म्हणाला, नाक वर करून, ओठ वाकडे करून, अगदी सडक्या भाजीची पिशवी उघडल्यासारखं, की गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मला वाटत होतं ही घाण मला एकटीलाच येते.

"हसते?" तो परत म्हणाला. "असं कसं लिहितात काकू हे लोक?"

"लिहीत नाहीत. ओकतात."

त्याने शिडीवरून उतरून पेटीत हात घातला, मावशी काढली, तिचा पदर झटकला आणि वाण्याच्या शेजारी बसवली. मी पुढची बाहुली पुसायला घेतली. पोरं काय म्हणतील ती भीती अजून होती, पण आता ती निम्मी होती.

म्हणालीच एक. पाचव्या माळेला शेजारच्या बिल्डिंगमधली चौथीतली मुलगी आली, परकर नेसून, फार ठसक्यात. हॉलमध्ये चार बायका बसलेल्या, मी कुंकू लावत होते, पुतण्या हरभऱ्याच्या उसळीचे द्रोण वाटत होता. मुलीने मावशीकडे बोट केलं आणि कानडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अज्जी, ही वाईट आहे. पैसे घेऊन सांभाळते त्याला. माझा दादा खेळलाय."

माझं कुंकवाचं बोट तिच्या कपाळापाशीच थांबलं. उत्तर पुतण्याने दिलं. "अदु बेरे कथे, पुट्टी," म्हणजे ती वेगळी गोष्ट. "ती ज्यांनी केली त्यांना काही माहीत नाही. खरी गोष्ट अज्जीला विचार."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्या मुलीला कुंकू लावलं आणि शेजारी बसवून घेतलं.

"खरी गोष्ट अशी," मी म्हटलं, "की पहिल्या दिवशी ते पोर काही बोलेचना. मावशीने सारभात कालवून पुढ्यात ठेवला. ते बघे नुसतं. ना हो, ना नाही."

"बोललं होतं," पुतण्या द्रोण वाटता वाटता म्हणाला. "दही मागितलं होतं. मावशीला ऐकू आलं नाही."

"मागितलं नव्हतं. मुका बसला होता दगडासारखा."

"हळू मागितलं होतं. तू भांडी आपटत होतीस."

"मी नाही, मावशी."

"सरी, मावशी तर मावशी. मावशी भांडी आपटत होती."

मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. उसळ तिच्या हातात तशीच. "मग तिने दिलं का दही?"

"दिलं की," मी म्हटलं. "वाटीभर दिलं."

"आंबट होतं," पुतण्या म्हणाला.